रागावून गेलेले हात

बारकीने चष्म्याची डबी उघडली आणि आतून दात हसले.

दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवण्याचंच तिचं काम, तेव्हा दात बघून दचकायचं तिला काही कारण नव्हतं. पण चष्म्याच्या डबीत, मऊ पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली, मधोमध मोडलेली कवळी... हे तिनेही पहिल्यांदाच पाहिलं.

"आत्या बसल्या हिच्यावर," काउंटरपलीकडचा तरुण अपराध्यासारखा म्हणाला. "डॉक्टरांचा दवाखाना बंद आहे. मी कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात असतो, म्हणून ही डबी."

"आत्या कवळीवर बसल्या, की कवळी आत्यांना चावली?"

"दोन्ही," तो गंभीरपणे म्हणाला. "आत्ता उभ्याच आहेत घरात."

बारकीला हसू आवरेना. तिने त्याला स्टुलावर बसवलं आणि काम सुरू केलं. ती तुकडे जुळवत होती आणि तो टेबलावरच्या ट्रेमधली दुसरीच एक कवळी निरखत होता.

"हा पुढचा दात थोडा वळवून बसवलाय," तो हळूच म्हणाला. "मुद्दाम... ना?"

बारकीचा हात थांबला. त्या कवळीच्या मालकीणबाईंचा स्वतःचा दात तसाच होता. जुना फोटो समोर ठेवून तिने तो तसा बसवला होता. पण तिच्या कामाचं नशीबच असं, की जितकं चांगलं जमेल तितकं ते कुणाच्या लक्षात येऊ नये! आजवर कुणाच्या आलंही नव्हतं.

"मुद्दाम," ती म्हणाली, आणि उगाचच तिचे कान तापले.

कवळी घेऊन गेलेला माणूस दुसऱ्याच दिवशी परत आला. या वेळी डबीत मधल्या बोटाएवढी एक प्लास्टिकची बाई होती. सुट्या भागांचं किट आणायचं, कापायचं, घासायचं, चिकटवायचं आणि वर आपल्या मनासारखे नवे भाग घडवून लावायचे, हा त्याचा छंद. किटमधली बाई तलवार घेतलेली योद्धा होती. त्याने तिचं चिलखत घासून काढलं होतं, पातळ पत्र्याचा घोळदार झगा केला होता, आणि तारेचा इवलासा कंदीलही.

"हिला वादळात कंदील घेऊन निघालेली करायचीय. एका हातात कंदील, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. पण किटमधले हात म्हणजे नुसत्या मुठी. मी सतरा वेळा करून बघितले. बोटं कसली, गाजरं होतात नुसती."

"आणि मी करावेत असं तुम्हाला का वाटतं?"

"तुम्हाला वाकडं मुद्दाम करता येतं," तो म्हणाला, "म्हणून."

झालं! त्या एका वाक्यावर बारकीचे पुढचे कितीतरी रविवार गेले.

त्याच्या घरच्या बंद गॅलरीत एक टेबल होतं, दोन दिवे होते आणि एकच भिंग. भिंग एक म्हटल्यावर डोकी जवळ यायचीच. बारकी करंगळीच्या नखाएवढे हात मेणात कोरायची, मग साच्यात घालून कवळीच्या हिरड्यांच्याच गुलाबी मसाल्यातून काढायची. पहिला हात फार घट्ट आला, दुसरा फार सैल. "कंदील धरलाय की नाक?" ती स्वतःवरच चिडायची, आणि तो हसायचा. कुठल्याशा रविवारी तुम्हीचं तू झालं, दोघांच्याही नकळत. आतल्या खोलीतून आत्या ओरडायच्या, "अरे, किती त्या बाहुलीच्या मागे लागता! एवढ्या वेळात माणसांची लग्नं लागून मुलं शाळेत जातात!" मग दोघंही एकदम कामात बुडून जायची... निदान तसं दाखवायची.

आडोशाचा हात अखेर साधला. पारदर्शक वाटावा असा पंजा, करंगळी किंचित सुटलेली, जणू वारा तिथूनच आत शिरतोय. त्याने तो भिंगाखाली धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिला. बोलला मात्र काहीच नाही.

आणि पुढच्याच रविवारी नखवाली आली.

तिचं नखं रंगवून द्यायचं पार्लर होतं. हीही किटं बनवणाऱ्यांच्या मंडळातली. एका केसाच्या ब्रशने नखावर आख्खी बाग काढणारी. कंदीलवाल्या बाईचा चेहरा तिने रंगवायचा, असं ठरलं होतं. नखवाली उंच, मोकळी हसणारी, आणि आल्या आल्या आत्यांच्या हातचा चहा मागून घेणारी! तिने श्वास रोखला, ब्रश टेकवला, आणि प्लास्टिकच्या त्या ठोकळ्याला डोळे फुटले. भेदरलेले, तरी हट्टी.

"वा!" तो ओरडलाच. "काय नजर आहे! असं काम मी जन्मात पाहिलं नाही."

बारकीने भिंग जरा जोरातच खाली ठेवलं. तिच्या हातांवर एक शब्द नाही, आणि हिच्या डोळ्यांची आरती?

त्यानंतर तिला जिकडे तिकडे नखवालीच दिसू लागली. भिंग आता तिघांत फिरायचं. तो 'हे बघ' म्हणायचा, तेव्हा आधी कुणाकडे बघून म्हणतो याचा बारकी हिशोब ठेवायची. घरी ताईला म्हणाली, "ती काय, उगाच हसते. दात तरी बरे आहेत का तिचे?"

"कसे आहेत?" ताईने विचारलं.

"...छान आहेत," बारकी रडकुंडीला येऊन म्हणाली. "एकही कवळीला येणार नाही."

मंडळाच्या स्पर्धेच्या प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी ती गॅलरीत पोचली, तर दोघं टेबलाशी वाकलेली. त्याच्या गालावर रंग लागला होता आणि नखवाली तो अंगठ्याने पुसत होती. एवढंच. पण बारकीच्या अंगाची लाही लाही झाली. तो चहा सांगायला आत गेला, नखवाली ब्रश धुवायला गेली. टेबलावर ती बाई उभी होती, नखवालीच्या डोळ्यांनी बारकीकडे बघत.

बारकीने चिमटा उचलला. हात बारीक तारेवर बसवलेले, अजून चिकटवायचे होते. एक ओढला, मग दुसरा. पर्समधल्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकले आणि कुणाला न सांगता जिना उतरली. चेहरा तिचा ना? मग कंदीलही तिनेच धरावा!

रात्रभर डबी उशाशी होती. सकाळी ती लॅबमध्ये गेली तेव्हा राग विरघळला होता, नुसती लाज उरली होती. तेवढ्यात दार ढकलून नखवाली आत आली.

"हात दे."

"कसले हात?"

"आता सोंग नको. तासाभरात परीक्षक येणारेत. थोटी बाई उभी केली तर मी रंगवलेला चेहराही कुणी बघायचं नाही." ती स्टुलावर बसली. "आणि ऐक. मी त्याला विचारलं होतं, फिरायला येतोस का. म्हणाला, रविवारी मोकळा नसतो. म्हटलं, मग सोमवारी? तर म्हणतो, सोमवारी मी रविवारचा विचार करत असतो." तिने खांदे उडवले. "रविवारी कोण येतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. मी काय कुक्कुलं बाळ नाही, माणसं कळतात मला."

बारकीने पर्समधून डबी काढली. "मी... मी जळत होते तुझ्यावर."

"मग मी काय थंड बसले होते? एवढा जीव ओतून डोळे काढले, आणि तो गाढव मला सांगतो, 'डोळे असे हवेत, की बघणाऱ्याने खाली तिच्या हातांकडे बघावं'! ऊठ आता."

वाचनालयाच्या सभागृहात लांबच लांब टेबलं मांडली होती. गर्दीच्या मागून बारकीला तो दिसला. समोर त्यांची बाई उभी होती, दोन्ही बाह्या रिकाम्या, पायाशी कंदील. चष्मा सावरत एक परीक्षक विचारत होते, "अहो, किटमध्ये हात असतात की. ते का नाही बसवलेत?"

"ते तिचे नाहीत, सर."

"मग तिचे कुठायत?"

"घरी गेलेत," तो खाली बघत म्हणाला. "रागावून."

परीक्षकांनी मान हलवली, वहीत काहीतरी खरडलं आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले. बारकी पुढे झाली. तिने मुकाट्याने डबी त्याच्यासमोर धरली.

"चोरीच होती," ती म्हणाली. "तू तिच्या डोळ्यांना वा म्हणालास. माझ्या हातांना काहीच नाही. एक शब्द नाही!"

"काय म्हणणार होतो?" तो डबीकडे बघत म्हणाला. "तिच्या कामाला वा म्हणता येतं, कारण ते म्हटलं की मी मोकळा होतो. तुझे हात मी दर रविवारी बघतो... हे नाहीत गं, खरे. मेण कोरताना. त्यांना वा म्हटलं असतं तर तिथे थांबता आलं नसतं. बाकीचंही सगळं बोलावं लागलं असतं. आत्यांच्या देखत!"

"इथे आत्या नाहीत," बारकी म्हणाली.

 मग तिथे, तेवढ्या माणसांत, अगदी हळू आवाजात तो जे काही बोलला, ते ऐकायला बारकीला बरंच जवळ जावं लागलं. ती गेली. आणि "मलाही" एवढंच म्हणून तिने हात तारेवर बसवायला घेतले, कारण दुसरं काही केलं असतं तर ती तिथेच रडली असती. आडोसा ज्योतीपाशी आला. परीक्षक कधीच पुढे निघून गेले होते. कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही, फक्त पलीकडच्या टेबलावरून नखवालीने कपाळावर हात मारून घेतला.

"पुढचं किट आणलंय मी," तो म्हणाला. "नाचणारी जोडी. दोघांची बोटं एकमेकांत गुंफलेली हवीत. करशील?"

"करीन. चेहरे?"

त्याने चोरून पलीकडे पाहिलं.

"घाबरतोस काय, तिलाच दे," बारकी म्हणाली. म्हणताना थोडं भाजलंच, पण खरं ते खरं. "तिच्यासारखं कुणाला येत नाही. फक्त त्यातला पुरुष मी रंगवणार."

"तुला रंगवता येतं?"

"शिकेन."

"आणि बिघडला तर?"

"बिघडू दे," बारकी म्हणाली. "तिने त्याच्याकडे तासन् तास टक लावून बघण्यापेक्षा बरं."