खरं नको, खोटं नको

'नको' या शब्दाचा अर्थ सांगा बरं. दोन अक्षरांचा शब्द, त्यात सांगायचं काय, असं तुम्हाला वाटेल. आमच्या वाढूलाही तसंच वाटलं होतं, आणि म्हणूनच माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात पहिल्या पंगतीतली एक अख्खी रांग जिलेबीवाचून उठली.

वाढू हा यंत्रमानव (माणसाची कामं करणारं, माणसासारखं यंत्र). माझ्यापेक्षा वीतभर उंच, दोन लांब हात, डोळ्यांच्या जागी कॅमेरे आणि पायांच्या जागी मुळीच आवाज न करणारी चाकं. माझ्या निलूआत्याने चार वर्षं खपून त्याला बनवला होता, पंगतीत वाढण्यासाठी. गेले सहा महिने तो आमच्याच घरी सराव करत होता. त्याने माझ्या ताटात आमटी ओतायची आणि चुकून दप्तरावर सांडली तर मी ओरडायचं, असा तो सराव. तो बोलायला शिकला तेव्हाचा पहिला शब्द होता "वाढू?" तेच त्याचं नाव पडलं.

साल होतं २०६१. आमच्या कोरेगावातली माणसं चंद्रावर नोकरीला जात होती आणि पाहुणे हवाई रिक्षातून थेट कार्यालयाच्या गच्चीवर उतरत होते. पण लग्नातली पंगत सुटली नव्हती आणि पंगतीतला आग्रह तर मुळीच सुटला नव्हता. सुटले होते ते वाढपी. वाढायला माणसंच मिळेनात.

म्हणून तर आचारी तात्या शिंगटे कसेबसे तयार झाले. "एक लगीन बघतो," ते आत्याला म्हणाले होते. "जमलं तर ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. न्हाई जमलं तर संध्याकाळच्याला परत घिऊन जायाचं."

परत नेणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. आत्याच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की हा प्रयोग फसला तर वाढूचे हात काढून गाड्या धुणाऱ्या यंत्राला लावायचे. हे ऐकल्यापासून मला घास गोड लागत नव्हता.

पहिली पंगत बसली. वाढू जिलेबीचं ताट घेऊन निघाला.

"वाढू?"

"नको नको," नवरदेवाच्या मामी म्हणाल्या.

"आभारी आहे," म्हणून वाढू पुढे सरकला. पुढच्यानेही नको म्हटलं. त्याच्या पुढच्यानेही. चाळीस सेकंदांत वाढू अख्खी रांग संपवून परत आला, आणि ताटातली एकही जिलेबी हललेली नव्हती! मामी त्या ताटाकडे बघतच राहिल्या. मग शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "मुलीकडच्यांना जिलेबी जड झालेली दिसतेय."

आत्याने कपाळावर हात मारला. "चुकलंच माझं. आग्रह करायचा असतो हे त्याला सांगितलंच नाही!" तिने टॅबवर पटापट नवा नियम लिहिला. तीनदा विचारायचं आणि मग वाढायचं.

झालं, आगीतून फुफाट्यात! दुसऱ्या पंगतीत वाढू आमच्या शाळेतल्या रणपिसे सरांच्या अगदी कानाशी जाऊन ताठ उभा राहिला.

"घ्या."

"नको," सर म्हणाले. त्यांना मधुमेह आहे.

"घ्या."

"अरे, नको म्हणतोय ना!"

"घ्या." आणि टपकन जिलेबी सरांच्या ताटात. शेजारचं लहान पोर तर भोकाडच पसरून रडायला लागलं. "हा वाढतोय की दरडावतोय?" कोणीतरी म्हणालं आणि सगळी रांग हसली. मला रडू आलं.

तात्या भटारखान्यातून तरातरा आले. "बाईसाहेब, तुमचं यंत्र कोपऱ्यात उभं करा. तिसरी पंगत व्याह्यांची हाय. नवरदेवाची आजी बसणार, आक्कासाहेब. त्या रुसल्या तर चार गावांत माझं नाव जाईल."

आत्या, मी आणि वाढू मागच्या कोठीच्या खोलीत जाऊन बसलो. आत्या हनुवटीला हात लावून वाढूच्या कॅमेऱ्यांनी टिपलेलं चित्रण टॅबवर बघत होती. समोरच्या रांगेत वाढणाऱ्या हौसाकाकूही त्यात दिसत होत्या. त्या तीस वर्षं पंगती वाढताहेत. नेमकं माझं बोट कुठेतरी लागलं आणि आवाज बंद पडला.

"अगं उर्वी, आवाज!"

"थांब आत्या," मी म्हणाले. मला काहीतरी गंमत दिसली होती. "आवाजाशिवाय बघ ना. या निळ्या साडीवाल्यांना जिलेबी हवीय."

पुढच्या क्षणी चित्रातल्या हौसाकाकूंनी निळ्या साडीवाल्यांना जिलेबी वाढली.

"या टोपीवाल्या आजोबांना खरंच नकोय."

हौसाकाकू टोपीवाल्यांना न वाढता पुढे गेल्या. आता आत्या सरसावून बसली. आम्ही बारा जणांबद्दल अंदाज केले आणि त्यातले अकरा बरोबर आले. मग आत्याने उलटा प्रयोग केला. चित्र झाकलं आणि त्या बाराजणांचे नुसते शब्द कागदावर उतरवले. नको, नको नको, नको हो, नको. त्यावरून कोणाला काय हवंय हे ब्रह्मदेवालासुद्धा सांगता आलं नसतं.

"म्हणजे शब्द एकच आणि अर्थ दोन," मी म्हणाले. "खरं नको आणि खोटं नको."

"देहबोली!" आत्या जवळजवळ ओरडलीच. देहबोली म्हणजे चेहरा, नजर, हात, बसण्या-उभं राहण्याची ढब यांतून शब्दांवाचून होणारं बोलणं. "मी वाढूला कान दिले शब्द ऐकायला. डोळे दिले ते मात्र फक्त आमटी सांडू नये म्हणून!"

आम्ही पुन्हा पुन्हा बघितलं. निळ्या साडीवाल्यांनी ताटावर हात धरला होता खरा, पण बोटं फाकलेली आणि नजर थेट जिलेबीवर. टोपीवाल्या आजोबांचे दोन्ही तळवे ताटावर घट्ट, अंग मागे रेललेलं आणि मान वाढपिणीकडे नव्हे तर पाण्याच्या भांड्याकडे. खऱ्या नकोमध्ये शब्द आणि शरीर एकच गोष्ट सांगत होते. खोट्या नकोमध्ये दोघांचं पटत नव्हतं.

"आणि आपला बारावा अंदाज का चुकला?" मी विचारलं. एका मुलाने ताटावर हात घट्ट धरला होता, तरी हौसाकाकूंनी त्याला वाढलं आणि त्याने ते मिटक्या मारत खाल्लं.

आत्याने चित्र मोठं केलं आणि खो खो हसत सुटली. त्याच्या ताटाभोवती माशी फिरत होती! "म्हणून एकाच खुणेवरून निकाल लावायचा नाही. हात, नजर, अंग, आवाज, सगळं मिळून काय सांगतंय ते बघायचं. आणि तरी शंका आली तर सरळ विचारायचं. देहबोली वाचणं म्हणजे काही मनकवडेपणा नव्हे."

तेवढ्यात हौसाकाकूच मठ्ठ्याची बादली भरायला आत आल्या. आम्ही त्यांना गाठलं.

"मी कुठं काय बघती?" त्या म्हणाल्या. "हात बोलतो की मानसाचा! पर पोरी, नुस्तं समोरच्याचं बघून भागत न्हाई. आपलं बी बघावं. ह्यो तुमचा गडी मानसाच्या डोक्यावर हुबा ऱ्हातो. असा कुनी घास देतं व्हय?"

मग त्यांनी करून दाखवलं. कमरेत जराशा वाकल्या. माझ्यापासून हातभर लांब थांबल्या. तिथलंच एक रिकामं ताट माझ्या नजरेसमोर आणलं, माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "घ्या की ओऽ, येकच." आणि थांबल्या. मला खरोखर जिलेबी खावीशी वाटली.

वाढू म्हणतो तोच शब्द, "घ्या." पण वाढूचा "घ्या" म्हणजे स्टेशनवरची घोषणा. आत्या म्हणाली, याला स्वरशैली म्हणतात, म्हणजे आवाजाचा चढउतार, वेग आणि ओढ. तीही शब्दांवाचूनच बोलते. काय म्हणायचं ते शब्द सांगतात, आणि ते प्रेमाने म्हणतोय की धाकाने, ते आवाज आणि अंग सांगतं.

वाढू हे सगळं बघत होता. त्याची शिकायची तऱ्हा बघून-बघूनच शिकायची होती, फक्त काय बघायचं ते आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पंधरा मिनिटं मी पाहुणी झाले आणि खरं-खोटं नको म्हणत राहिले. तो वाकायला शिकला. वाकताना कमरेत करकर वाजायचं, तर हौसाकाकूंनी तिथे गोडेतेलाचं बोट फिरवलं.

आता तात्यांची परवानगी हवी होती. आत्या गेली, मी मागोमाग. तात्या मसालेभात परतत होते. आत्याने टॅब छातीशी धरला आणि त्यात बघत पुटपुटली, "तात्या, आम्ही दुरुस्ती केलीय. अजून एक संधी मिळाली तर काम होईल असं वाटतं."

"न्हाई," तात्या म्हणाले. झारा हलतच राहिला.

मी आत्याला दाराआड ओढलं. "आत्या, तू पण वाढूसारखंच बोलतेस!"

"म्हणजे गं?"

"तोंडाने संधी मागतेस आणि बघतेस टॅबकडे. तुझाच विश्वास नाहीये असं दिसतं. मग तात्यांचा कसा बसेल?"

लहान तोंडी मोठा घास झाला की काय, असं मला वाटलं. पण तिने टॅब माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि पुन्हा आत गेली. यावेळी ती तात्यांच्या समोर उभी राहिली, दोन्ही हात मोकळे ठेवून, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून. घाई न करता तिने तीच दोन वाक्यं म्हटली. शब्द तेच होते, पण 'काम होईल' वर तिने असा जोर दिला की मलाही ते होईलसं वाटलं.

झारा थांबला. तात्यांनी वर बघितलं. "फकस्त जिलेबी," ते म्हणाले. "आन मी मागं हुबा ऱ्हाणार."

तिसरी पंगत बसली. मधोमध आक्कासाहेब, पाठ ताठ, ओठ मिटलेले. मामींची जिलेबी हुकल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. वाढू त्यांच्यापासून हातभर अलीकडे थांबला. तो वाकला. ताट खाली आणलं.

"घ्या की ओऽ, एकच," वाढू म्हणाला, अगदी हौसाकाकूंच्या हेलात.

"नको रे बाबा. या वयात कुठलं गोड," आक्कासाहेब म्हणाल्या.

वाढू थांबला. एक सेकंद. दोन सेकंद. मी बघत होते तेच तोही बघत होता. आक्कासाहेबांचा हात ताटावर आला होता, पण बोटं फाकलेली. नजर जिलेबीवरून हलेना. आणि 'नको' केवढा लांबलेला! वाढूने अलगद एक जिलेबी ठेवली.

"अरे अरे, पुरे!" म्हणत त्यांनी ताट चक्क चार बोटं पुढे सरकवलं. वाढूने दुसरी वाढली.

आक्कासाहेब हसल्या. "लबाड आहे हो तुमचा वाढपी!" सगळी पंगत हसली. शेजारच्या काकांनी "नको" म्हणून दोन्ही तळवे ताटावर दाबले तेव्हा वाढू नुसती मान लववून पुढे गेला. आणि एका ताईंनी नको म्हणत मानही हलवली, पण हसतही राहिल्या, तेव्हा त्याला कळेना. त्याने हळूच विचारलं, "ताई, लाजताय की पोट भरलंय?" त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "पोट भरलंय रे," त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं. जिलेबीचं ताट तीनदा भरावं लागलं. मी आनंदाने नाचायचीच बाकी होते.

पंगत उठल्यावर तात्या वाढूपाशी आले. कपाळाला भल्यामोठ्या आठ्या. आत्या माझा हात घट्ट धरून उभी होती.

"बाईसाहेब," तात्या म्हणाले, "ह्ये डबडं उद्या माझ्या डोळ्यांसमोर नको."

आत्याचा चेहरा पडला. ती वाढूची चार्जिंगची तार गुंडाळायला वाकली. माझे डोळे भरून आले आणि मला नीट दिसेनासं झालं.

वाढू मात्र हलला नाही. तो तात्यांकडे बघत होता. मीही डोळे पुसून बघितलं. तात्यांनी स्वतःच्या खांद्यावरचा पंचा काढला होता आणि तो ते वाढूच्या खांद्यावर टाकत होते, वाढपी घेतात तसा आडवा. गाठ मारून त्यांनी ती दोनदा ओढून बघितली. मिशीचं एक टोक वर गेलं होतं.

"उद्या किती वाजता येऊ?" वाढूने विचारलं.

"साडेपाचला," तात्या म्हणाले. "फलटणचं लगीन हाय, सातशे पान. आन तिथली मानसं नको म्हणायला लई चिवट."