कावळ्याला दिलेला शब्द

बकुळाकाकी थापा मारणारी बाई नव्हती. तिने सांगितलं तसंच हे सांगतोय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

साल एकोणीसशे एकसष्ट. चैत्र संपत आलेला. गाव रानशेत. आणि वेळ रात्रीची नव्हतीच... टळटळीत दुपार होती.

महिन्यापूर्वी काकीचे यजमान दौलत नरपडच्या समुद्रात बुडाले. किनाऱ्यावर उभी राहिलेली त्यांची जुनी मोटार लोकांनी घरी आणून अंगणात लावली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळ्यांची सगळी वचनं देऊन झाली. शेवटी सासरे रामनाथ हात जोडून म्हणाले, "दौलत, तुझ्या गाडीला कोणी हात लावणार नाही."

लगेच कावळा शिवला.

जिवंतपणीही त्यांनी काकीला कधी स्टिअरिंग धरू दिलं नव्हतं. खरं तर माहेरी, तलासरीला, भावाच्या जीपवर ती गाडी पक्की शिकलेली.

त्या दुपारी वाडीवरची सोमी अडली. पहाटेपासून कळा, मूल आडवं. सुईणीने हात टेकले. बैलगाडीने डहाणूचा दवाखाना गाठेपर्यंत सांज झाली असती, आणि सोमीला तेवढा वेळ नव्हता. तिचा नवरा सुक्या अंगणात नुसता उभा होता.

काकीने खुंटीवरची किल्ली काढली.

"सूनबाई, शब्द दिलाय आपण," रामनाथ म्हणाले.

"तुम्ही दिलात, मामंजी. मी नाही."

सोमीला वाडीवरून उचलून आणून मागच्या सीटवर निजवलं. काकीने सेल्फ मारला.

घर्रर्र... घर्रर्र...

इंजिन फिरत होतं. पेटत नव्हतं.

तिने बॉनेट उघडलं. ठिणगी पडत होती. पेट्रोलही येत होतं, उलट जरा जास्तच. प्लग भिजून चिंब झालेले. म्हणजे चोक ओढलेला राहिला होता आणि इंजिनाला पुरेशी हवा मिळत नव्हती.

तिने पदराने प्लग पुसून बसवले. डॅशबोर्डवरची चोकची मूठ आत ढकलली. सेल्फ मारणार, एवढ्यात...

टक.

मूठ बाहेर आली होती.

तार सैल असेल. तिने पुन्हा ढकलली.

टक.

मागे सोमीचं कण्हणं थांबलं होतं. वाडीतली कोंबडीसुद्धा गप्प होती. गाडीत ओला, खारट वास पसरला...

"बाय, उतर," सुक्या पुटपुटला. "शेठ बसलाय तिथं."

"बसू दे."

तिने पुन्हा प्लग पुसले. या वेळी डाव्या हाताने मूठ दाबून धरली.

मूठ बाहेर ओढली जात होती... आणि तिच्या बोटांवर कुणाची तरी बोटं होती. गार. पाण्यात फार वेळ राहून सुरकुतलेली. त्यातल्या एका बोटातली अंगठी तिला टोचली.

ती अंगठी प्रेताच्या बोटातून काकीने स्वतः काढून कपाटात ठेवली होती.

काकी घाबरली. ते तिने कधी लपवलं नाही. पण भीतीपेक्षा तिचा राग मोठा होता.

"इतकी वर्षं तुमचं ऐकलं," ती म्हणाली. "आज नाही ऐकणार. मागे बाई मरतेय. ओढायचं तेवढं ओढा."

तिने सगळा जोर लावून मूठ आत रेटली आणि सेल्फ मारला.

घर्रर्र... घर्रर्र...

इंजिन धडधडलं. बोटं सैल पडली.

सोमी वाचली. मूलही वाचलं.

घरी परतल्यावर काकीने पक्कड घेतली, चोकची तार कापली आणि मूठ उपटून ओढ्यात फेकली. रामनाथ ओसरीवरून बघत होते.

पुढे ती गाडी काकीनेच चालवली. वाडीवर कोणीही अडलं की सुक्या आधी तिला हाक मारायचा.

पण गाडी सुरू करण्याआधी ती क्षणभर थांबायची. मुठीच्या जागी नुसतं भोक होतं. त्यातून...

टक.

"ऐकलं," काकी म्हणायची. "गप्प बसा. गाडी मी चालवते."

आणि इंजिन पेटेपर्यंत डावा हात पदरात गुंडाळून ठेवायची.