साक्षीदारांची नावं

मंगळवारी जेवणं आटोपल्यावर अराबाने नवऱ्याचा फोन रुमालात गुंडाळला, जिनची छोटी बाटली पिशवीत टाकली आणि ती सेकोंडीच्या शवागाराकडे चालू लागली. एबोला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. शनिवारी त्याला पुरायचं होतं.

इस्पितळात शेवटी शेवटी तो म्हणाला होता, "समुद्राकडचं घर तुझं. फोनमध्ये बोलून ठेवतो." जाणाऱ्याचा साक्षीदारांसमोरचा शब्द त्यांच्याकडे मृत्युपत्राइतकाच वजनदार. असा शब्द नसेल, तर रिवाजाप्रमाणे सगळं बहिणीच्या मुलाचं. भाचा एकोव मायेनेच बोलला होता, "मामी, घाई नाही. चाळिसाव्या दिवशी घराच्या किल्ल्या दिल्यास तरी चालेल."

फोन उघडायचा तो एबोच्या अंगठ्याने. वकीलबाई मेन्सिमा म्हणाल्या होत्या, कोर्टाची परवानगी मिळेल, पण सहा महिने लागतील. अंगठा मात्र शनिवारपर्यंतच होता.

शवागारातल्या बाबा अटाने बाटली घेतली, मृताच्या नावाने चार थेंब फरशीवर सांडले. "एबोदादा, बायको आलीय. हात दे."

आत यंत्राची एकसुरी घरघर होती. औषधाचा वास घशाला चिकटत होता. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. अराबाने तो अंगठा काचेवर टेकवला. एकदा. पुसून पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

"नाही घेणार," अटा म्हणाला. "थंड बोट त्याला चालत नाही. माणूस मेलेला फोनला कळतो बघ. नातेवाइकांना कळायला बैठक भरवावी लागते."

तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. तिने फोन पुन्हा रुमालात बांधला.

घरी येऊन तिने पानात उकडलेली मक्याची केंकी सोलली, तळलेला मासा वाढून घेतला आणि ताट तसंच ठेवलं. दिवेलागणीला वीज गेली. अंधारात टेबलावरचा रुमाल आतून उजळला. तिने गाठ सोडली. फोन उघडा होता. एकच ध्वनिमुद्रण होतं. तिने बोट ठेवलं.

"मी एबो. समुद्राकडचं घर अराबाचं. तिथून तिला कुणी उठवायचं नाही." मागे घरघर होती... आणि पाणी ठिबकत होतं.

तिने ते एकदाच ऐकलं. मग ताट झाकलं.

सकाळी वकीलबाईंनी ऐकलं आणि फोनचा पडदा डोळ्यांजवळ धरला.

"अराबाताई, यावर तारीख कालची आहे. दुपारी सव्वातीनची."

"हो. तेव्हा मी तिथंच होते."

"ते वारले कधी?"

"आज विसावा दिवस."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तारखेचं काय करायचं, मला सुचत नाही. ती बाजूला ठेवू. पण यात साक्षीदारांची नावं नाहीत. नावं नसतील तर घराण्याच्या बैठकीतले पंच ते विचारातच घेणार नाहीत. हे नुसतं बोलणं झालं."

"नीट ऐकलं का? पुन्हा लावा."

बाईंनी पुन्हा लावलं. घर अराबाचं. कुणी उठवायचं नाही. ठिबक... ठिबक... मघाशी इथे आवाज संपला होता.

या वेळी तो संपला नाही.

"साक्षीला शवागारातला अटा," एबो सावकाश म्हणाला. "माझी बायको अराबा." मग थोडं थांबून, जणू समोरच्याकडे बघून, "आणि वकीलबाई मेन्सिमा टँडो. आत्ता चष्मा हातात धरून ऐकतायत, त्या."

बाईंनी चष्मा टेबलावर ठेवला. खिडकीबाहेर कुणीतरी संत्री विकत ओरडत होतं.

"मी यांना कधी भेटले नाही," त्या हळूच म्हणाल्या. "अराबाताई... हा आवाज त्यांचाच?"

अराबाने फोन कानाशी नेला. घरघर अजून चालू होती.

"त्यांचाच," ती म्हणाली. "जरा बसलाय. थंडीनं."