भाऊसाहेबांवरचा आळ

ठकी माझी शिट्टी तोंडात धरून पळाली ती थेट फ्रेमच्या दुकानात शिरली, आणि तिच्या मागे धापा टाकत मी.

मी तलावावर पोहायला शिकवते. गळ्यात शिट्टी नसेल तर तिथे मला कुत्रं विचारत नाही. आणि घरातल्या कुत्रीला नेमकी तीच हवी असते! चार महिन्यांपूर्वी बेवारस प्राण्यांच्या संस्थेतून ठकीला आणलं, तेव्हा किती गरीब वाटली होती. आता कुकर वाजला की पलंगाखाली. आईचा मोजा पळवायचा तोही एकच, जोडी कधीच नाही. आणि पोहणाऱ्या बाईच्या घरात राहून अंघोळीची बादली दिसली की मेल्याचं सोंग.

काउंटरमागचा माणूस काच कापत होता. मान वर न करता म्हणाला, "एक मिनिट हं… अर्ध्यात सोडली तर वाकडी जाते."

टक् करून काच दुभंगली. मग त्याने वर पाहिलं. पापण्यांवर लाकडाचा भुसा बसला होता. "आता बोला."

"माझी कुत्री…" माझ्या तोंडून निघालं. एवढ्या मोठ्या आवाजाची मी… आणि चक्क पुटपुटत होते!

कोपऱ्यात एक भलाथोरला पिवळा कुत्रा पसरला होता आणि माझी ठकी खुशाल त्याच्या कुशीत शिरली होती.

"ते भाऊसाहेब," तो म्हणाला. "पाहुण्यांना नाही म्हणायची सवय नाही त्यांना."

त्यानंतर रोज संध्याकाळी ठकी हाताला हिसडा देऊन तिकडे पळायची. आणि तिला आणायला मी जायची. ठकीला आणायलाच हं!

महिना-दीड महिना झाला असेल. ठकीला पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशनची तारीख घ्यायला मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तिचं पोट चाचपलं आणि हसल्या. "उशीर केलात. पाच आठवडे झालेत."

मी धाडकन बसले. खुर्चीवर नाही, कुत्र्यांच्या वजनकाट्यावर.

तिथून उठले ती तशीच तणतणत फ्रेमच्या दुकानात.

"तुमच्या भाऊसाहेबांनी काय दिवे लावलेत माहीत आहे का? ठकीला दिवस गेलेत! माझी साधीभोळी पोर… आणि तुम्ही इथे बसून काचा कापताय! लक्ष ठेवायला नको?"

त्याने भाऊसाहेबांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं… मिटलं. पुन्हा उघडलं.

"जबाबदारी आमची," तो म्हणाला.

मी भांडायला कंबर कसून आले होते. असा सरळ माणूस समोर आल्यावर भांडायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवसापासून तो ठकीची चौकशी करायला घरी यायला लागला. तिच्या बाळंतपणासाठी त्याने फ्रेमच्या उरलेल्या पट्ट्यांची पेटी बनवून आणली, चक्क सोनेरी नक्षीची! आई तर त्याची चाहूल लागली की आतूनच ओरडायची, "अगं, व्याही आले!" माझे कान तापायचे. तो मात्र शांतपणे चपला काढत म्हणायचा, "विहीणबाई, चहा टाका."

"तुमचा आवाज नेहमी एवढाच मोठा असतो?" एकदा त्याने मला विचारलं.

"पाण्याखालच्यांना ऐकू जावा लागतो."

"पण मी तर जमिनीवर आहे."

"नक्की?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "…आता नाही सांगता येत."

मी ठकीचे कान कुरवाळत बसले. उगाचच. फार वेळ.

रविवारी दुपारी ठकीला कळा सुरू झाल्या. दोन पिल्लं घरीच झाली, तिसरं अडलं. त्याने ठकीला चादरीत गुंडाळून उचललं, मी पिल्लांची टोपली घेतली आणि आम्ही पळत दवाखाना गाठला. मागोमाग भाऊसाहेब, डुलत डुलत.

तिसरं पिल्लू बाहेर आलं ते निपचित. डॉक्टरीणबाई ठकीत गुंतलेल्या. "चोळा त्याला! टॉवेलने, जोरात!" त्या ओरडल्या. पाण्यातून माणसं ओढून काढणारी मी, पण माझे हात जागचे हलेनात. त्यानेच पिल्लू घेतलं. काचेने जागोजागी कापलेली ती बोटं चोळत राहिली… चोळत राहिली… तो पुटपुटत होता, "ये रे बाबा, ये…"

आणि ते च्यूं करून ओरडलं!

मी त्याचा दंड घट्ट धरला होता, हे मला तेव्हा कळलं. सोडला मात्र नाही.

डॉक्टरीणबाई हात धुऊन आल्या. तिन्ही पिल्लं काळीभोर, पंजे तेवढे पांढरे.

"बापावर एकही गेलं नाही," मी डोळे पुसत भाऊसाहेबांकडे बोट दाखवलं.

"बाप? हा?" डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. "अहो, चार वर्षांपूर्वी याचं ऑपरेशन मीच केलंय! यांना माहीत आहे की."

माझा हात त्याच्या दंडावरून आपोआप सुटला.

"तुम्हाला… माहीत होतं?"

"सांगणारच होतो त्या दिवशी," तो खाली बघत म्हणाला. "पण मग तुम्ही परत आला नसता."

"महिनाभर वेड्यात काढलंत मला! माझ्या आईला! उद्यापासून येऊ नका."

तो आला नाही. एक दिवस नाही, दहा दिवस नाही.

अकराव्या दिवशी सकाळी तलावाच्या फाटकाशी, जिथे बाळंतपणाआधी ठकीला बांधून मी शिकवायला जायची, तिथे मला दुसरा धक्का बसला. वॉचमनकाकांचा काळा कुत्रा शेपटी हलवत उभा होता. पंजे पांढरे! चोर माझ्याच कामाच्या ठिकाणी, आणि मी फासावर चढवलं होतं कुणाला!

घरी येऊन आईला सांगितलं. ती पिल्लांना पुसत होती. "लोक अंगावरचा आळ झटकतात गं," ती म्हणाली. "दुसऱ्याचा आळ घेऊन रोज दारात येणारा मी तरी पहिलाच पाहिला."

मी चपला घातल्या.

दुकानात तो एक मोठी काच दोन्ही हातांत धरून उभा होता. मला पाहून तसाच थिजला.

"ती काच खाली ठेवा," मी म्हणाले.

"का?"

"ठेवा म्हणते ना!"

त्याने जपून काच टेबलावर ठेवली. भुशाने माखलेले हात शर्टाला पुसले.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. हळूच म्हणायचं होतं, पण माझा आवाज! समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. भाऊसाहेबांनी एक डोळा उघडला.

तो टेबलाला धरून हळूहळू स्टुलावर बसला. कान लालबुंद.

"पुन्हा एकदा…" त्याने स्टूल जरा पुढे ओढलं. "पुन्हा एकदा म्हणता? हळू चालेल."

मी काउंटर ओलांडून आत गेले, आणि या खेपेस फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले.