वरचा सा

त्या दिवशी पाऊस नव्हता, कापूस उडत होता.

दिवाळीनंतर मलकापूरच्या बाजारात असंच असायचं. जिनिंगच्या कारखान्यापुढे कापसाच्या गाड्यांची ही लांब रांग लागायची, आणि वाऱ्यावर आलेली रुई बायकांच्या अंबाड्यात, भज्यांच्या कढईत, वाटेल तिथे जाऊन बसायची. आमचीही गाडी रांगेत होती. माझे बाबा, पुंजाजी, बैलांपाशी थांबले होते आणि मला त्यांनी पातळ घ्यायला पिटाळलं होतं. वेचणीचे माझे स्वतःचे पैसे होते ते. मी पातळाच्या दुकानाकडे निघालेही होते, खरंच! पण वाटेत रेडिओचं दुकान लागलं, आणि काचेमागे रुक्मिणीबाई दिसल्या.

म्हणजे त्यांचा फोटो. मोठ्या रेकॉर्डच्या कव्हरावर. लाँगप्ले म्हणतात ना, ती. या बाईंचं गाणं मी जन्मात एकदाच ऐकलं होतं, आमच्या गावच्या मास्तरीण वच्छलाबाईंच्या बॅटरीच्या रेडिओवर. पाण्याला निघाले होते आणि दारातच उभी राहिले. गाणं संपलं तेव्हा विहिरीवरच्या बाया परत आल्या होत्या आणि माझी घागर रिकामीच होती.

"ही द्या," मी दुकानदाराला म्हटलं.

"अवो, थे माही हाय!" मागून कुणीतरी बोललं.

मी वळले. उंच, सावळा, चौकडीचा शर्ट, आणि केसांत पावशेर कापूस.

"तुमची कशी? नाव लिवलं हाय का तिच्यावर?"

"मी सांगून ठेवली होती. इचारा यायले."

दुकानदार एकाएकी पंख्याकडे पाहायला लागला. मी पैसे गल्ल्यावर ठेवले आणि रेकॉर्ड छातीशी धरली.

"बरं, न्या," तो हसला. हसला की त्याचा एकच गाल आत जायचा. "पण वाजवसान कायच्यावर?"

"आमच्या गावात फोनो हाय. कर्ण्याचा."

त्याचं हसू पार उतरलं. "चावीचा? अवो ऐका, थ्याच्यावर नका..."

"आधी केसातला कापूस काढा," मी म्हटलं आणि चालू लागले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणजे... एकदाच पाहिलं. तो दुकानाच्या काचेत बघून केस झटकत होता.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण आमच्या गावात अजून वीज यायची होती. फोनो होता तो उकंडराव पाटलांकडे. चावी भरायची आणि लग्नाकार्यात वाजवायचा. संध्याकाळी अख्खं गाव त्यांच्या ओसरीवर जमलं. पाटलांनी नवी सुई बसवली.

"पयल्यापासून लावा, काका," मी म्हटलं.

"पोरी, पयले या बाया नुसतं आऽ आऽ करतात. गाणं मधात असते," असं म्हणून त्यांनी सुई थेट मधातच टेकवली.

काय सांगू! कर्ण्यातून रुक्मिणीबाई नाही, शेपटीवर पाय पडलेली मांजर बाहेर आली. पोरं लोळून हसली. पाटलीणबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. चावीचा फोनो भरभर फिरतो आणि ही रेकॉर्ड सावकाश फिरवायची असते, हे तिथे कुणाला ठाऊक? पाटलांनी सुई उचलली तेव्हा त्या काळ्याभोर तकतकीत रेकॉर्डवर करंगळीएवढा पांढरट पट्टा उठला होता. मी गोधडीत तोंड खुपसून रडले. पातळ गेलं, बाई गेल्या, आणि तो कापूसवाला खरं सांगत होता, याचा राग सगळ्यात जास्त.

पुढच्या खेपेला बाबांची गाडी रांगेत लागली आणि मी रेकॉर्ड घेऊन शालूआत्याकडे गेले. आत्या मलकापुरातच राहायची. तिच्या पुढच्या खोलीवर 'लाऊडस्पीकर सर्व्हिस' अशी नवी पाटी, आणि दारात बसून भोंगा पुसत होता... तोच!

"हा उत्तम," आत्या म्हणाली. "नवा भाडेकरू. लगनात भोंगे लावते, पण पोट्टा गुनाचा हाय."

गुणाच्या पोट्ट्याने माझ्या हातातली रेकॉर्ड पाहिली. मी मान खाली घातली. आता हसेल, मग म्हणेल, सांगितलं होतं ना! पण तो हसला नाही. त्याने रेकॉर्ड कडेने उचलली, फडक्याने हळूहळू पुसली, त्या पांढऱ्या पट्ट्याशी जरा थांबला.

"लागलं तिले," एवढंच म्हणाला.

मग त्याने आपल्या मशीनवर ती ठेवली आणि सुई अगदी कडेला, पहिल्यापासून लावली.

मी ते कसं सांगू? नुसतं आऽ आऽच होतं, पाटील म्हणाले तसं. पण त्या एका आऽमध्ये किती जागा होती! बाई एक पायरी चढायच्या, तिथे बसायच्या, इकडेतिकडे बघायच्या, मग पुढची पायरी. मी आत्याच्या ओसरीवर होते की आणखी कुठे, कोण जाणे. अंगावर काटा आला होता. एवढं मोठं काही माणसाच्या गळ्यातून निघतं? आवाज वर चालला... आणखी वर... आता शेवटची पायरी... आणि खट्! परत खाली. पुन्हा वर, पुन्हा खट्.

उत्तमने एका बोटाने सुईला हलकेच ढकललं. बाई पुन्हा गाऊ लागल्या, पण आता त्या खाली उतरत होत्या.

"मधात काय होतं?" मी विचारलं.

"वरचा सा."

"म्हंजे?"

"म्हंजे... जिथी जायासाठी थे इतकं चढून राह्यली, थे ठिकान."

"कसं असन थे?"

"मले काय मालूम? मी बी ऐकलं नाई. रेकॉर्ड तुमीच नेली ना!"

त्याचा गाल आत गेला, आणि मलाही हसू आलं.

तो सगळा हिवाळा मी आमच्या कापसाच्या खेपांवर डोळे लावून बसायची. गाडी रांगेत, बाबा गाडीपाशी, मी ओसरीवर. आत्या सूप घेऊन डाळ निवडत मधोमध बसायची. एवढी डाळ तिच्या घरात कुठून यायची देव जाणे. गाणं चढायचं, खट् व्हायचं, उत्तमचं बोट पुढे व्हायचं. मग माझाही श्वास त्या जागी आपोआप थांबायला लागला. आणि उत्तमचं बोलणंही त्या रेकॉर्डसारखंच.

"कोकिळाबाई, मले तुमाले एक..."

"एक काय?"

"एक... सुई दाखवाची हाय. नवी आली."

"किती सुया दाखवता?"

"या पोट्ट्याची बी तिथंच अडकते," आत्या सुपातून मान वर न करता म्हणायची.

आणि मग परतीच्या वाटेवर एकदा बाबा म्हणाले, "साखरखेर्ड्याचे पाव्हने येऊन राह्यले संक्रांतीनंतर. मोठी शेती हाय, पोरी."

"आत्याचा भाडेकरू..." मी कसंबसं म्हटलं.

"भोंगेवाला? त्याले कोन देते पोरगी? अन् त्यानं इचारलं तरी हाय का?"

नव्हतं विचारलं. तिथेच तर सगळं अडलं होतं. पुढच्या खेपेला मी उत्तमला पाहुण्यांचं सांगितलं. तो कितीतरी वेळ रेकॉर्ड पुसत बसला. आधीच स्वच्छ होती ती.

"बरं हाय," म्हणाला. बरं हाय म्हणे! मला त्याच्या डोक्यात भोंगा घालावासा वाटला.

तेवढ्यात बातमी आली. जिनवाल्या शेठजींना गाण्याचं वेड. रुक्मिणीबाई नागपूरला चालल्या होत्या, त्यांना शेठजींनी वाटेत मलकापूरला उतरवून घेतलं. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सकाळी, जिनच्याच गोदामात गाणं. रांगेतल्या गाडीवाल्यांनाही आत बोलावलं होतं. भोंगे उत्तमचे.

गोदामात चारी बाजूंनी छतापर्यंत रुईच्या गठाणी. एका बाजूला आम्ही बायका, समोर बाप्ये, बाबा अगदी मागे गठाणीला टेकून. बाई आल्या आणि मी थक्कच झाले. एवढीशी म्हातारी! अंगावर जुनी शाल, पायांत साध्या वहाणा. यांच्याच गळ्यातून ते सगळं येतं? तंबोरे जुळले. त्यांनी त्या कापसाच्या भिंती न्याहाळल्या, एक टाळी वाजवून पाहिली, आणि माईक हाताने बाजूला सारला.

"हा नको, बाळा," त्या उत्तमला म्हणाल्या. "इथं साधाच आवाज छान लागेल."

बिचाऱ्याला कामच उरलं नाही. तो माईकचा दांडा जवळ घेऊन, हात मांडीवर ठेवून बसून राहिला. अगदी माझ्या समोर.

आणि बाईंनी आऽ लावला.

तोच सकाळचा राग. तीच पहिली पायरी! पण रेकॉर्डवर बाई दूर कुठेतरी असायच्या, आणि इथे तो सूर माझ्या बांगड्यांत थरथरत होता. गाडीवाल्यांच्या विड्या विझल्या. बाई चढत होत्या. ही ओळखीची, ही पण. माझे डोळे भरून आले. आणखी वर... आता ती जागा आली. माझा श्वास सवयीने थांबला. समोर पाहिलं तर उत्तमचं बोट मांडीवरून उचललं गेलं होतं, सुई ढकलायला!

खट् झालं नाही.

बाई वर गेल्या. सरळ त्या सुरावर जाऊन उभ्या राहिल्या, आणि तिथेच थांबल्या. हिवाळाभर आम्ही ज्याच्या दारापर्यंत जाऊन परत येत होतो ते हे होतं! इतकं मोकळं, इतकं उजेडाचं. मला वाटलं, आता जगात कशाचीच भीती नाही. उत्तम माझ्याकडे पाहत होता. बोट अजून हवेतच, आणि गालांवरून पाणी चाललेलं, ते पुसायचंही भान नव्हतं त्याला. आम्ही दोघांनी ते एकाच क्षणी पहिल्यांदा ऐकलं. मी त्याचीच होते, हे मला तिथे कळलं.

गाणं संपलं. लोक उठले. भोंगे, वायर, सगळं तसंच टाकून उत्तम गर्दीतून वाट काढत आला तो थेट बाबांसमोर. मी आणि आत्या तिथेच होतो.

"पुंजाजीकाका, मले तुमाले एक..."

आणि अडकला.

"एक काय?" बाबा म्हणाले.

"एक..."

आत्याने कपाळावर हात मारला. साखरखेर्ड्याचे पाहुणे आठ दिवसांवर, आणि हा माणूस पुन्हा सुई दाखवणार! मग मी काय केलं माहीत आहे? चारचौघांत, बापासमोर, मी एक बोट पुढे केलं आणि त्याच्या कोपराला हलकेच ढकललं.

"कोकिळा मले द्या," तो बोलून गेला. "भोंगेवाला हाव मी, शेती थोडीच हाय. पन द्या मले."

बाबांनी पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते आमच्या आधीपासूनच रडत होते.

"थांब गड्या," ते म्हणाले. "थे बाई आत्ता तिकडं वर घेऊन गेली ना मले... मी अजून खाली उतरलो नाई. उतरलो का सांगतो."

परतीच्या वाटेवर बाबा समोर बघून गाडी हाकत होते. मी गाडीत मागे, रेकॉर्ड मांडीवर घेऊन जीव मुठीत धरून बसले होते. अर्धी वाट सरली. गावची चिंच दिसायला लागली. बाबांनी कासरा ओढून बैल थांबवले, पण मागे वळले नाहीत.

"साखरखेर्ड्याले निरोप धाडतो उद्या," ते म्हणाले. "येऊ नका म्हना."

मी रेकॉर्ड छातीशी धरली. त्यांनी बैल हाकले, आणि थोडं पुढे गेल्यावर स्वतःशीच हळूच एक आऽ लावून पाहिला.