नागनाथचे गुलाबी हात

बायनाबाई खुर्चीवर बसली नाही. दाराजवळ भिंतीला टेकून खाली बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "साहेब, मला कुनाला जेलात घालायचं न्हाई. माझ्या मालकाचे हात गुलाबी कामून झाले, तेवढं सांगा."

व्यंकटराव टेंगसे यांनी हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. परभणीच्या स्टेशन रोडवर, सायकलच्या दुकानावरच्या माडीत त्यांची खासगी तपासाची कचेरी होती. औरंगाबादच्या वकिलांसाठी वर्षानुवर्षं पुरावे धुंडाळून ते गावी परतले होते. समोरच्या बाकावर तात्याराव बसले होते. पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेले, मनानं उमदे, पण निष्कर्षाची घाई असलेले.

"तुमचे मालक कुठं असतात?"

"आखाडात वारले."

१९८९चा भाद्रपद चालू होता. म्हणजे बाई अजून दुःखातच होती. व्यंकटरावांनी तिला सावकाश बोलू दिलं.

तिचा नवरा नागनाथ चारठाण्याचा, मेंढपाळाच्या घरातला. परभणीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो हरकाम्या होता. तिथल्या कपाटातून एक पांढरी भुकटी थोडी थोडी नाहीशी व्हायची. संक्रांतीच्या सुमारास साहेबांनी कपाटाला कसलीतरी पूड लावून ठेवली आणि दुपारी सगळ्यांना सोड्याच्या पाण्यात हात बुडवायला लावले. एकट्या नागनाथचं पाणी गुलाबी झालं. त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं.

"गावाकडं आले, मेंढरं वळू लागले. पन लोकं चोर म्हनायचे. आखाडात ताप भरला तर दवाखान्यात येईनात. म्हनले, तिथं बी हात बघतील."

तात्याराव खाकरले. "बाई, वाईट वाटून घेऊ नका. लाच घेणाऱ्याला आमी अशीच पूड लावून पकडलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. हात रंगले म्हणजे हात लावला."

"लावला की," बायनाबाई म्हणाली. "रोज सकाळी कपाट पुसायचं त्येंचंच काम व्हतं. तसं सांगितलं बी. कुनी ऐकलं न्हाई."

व्यंकटराव उठून खिडकीशी गेले. "कपाट पुसणाऱ्याचे हात रंगले, हे समजलं. मग भुकटी नेणाऱ्याचे का रंगले नाहीत? तात्या, स्कूटर काढा."

*

कॉलेजच्या कुंपणावर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या. काही बाजूच्या, काही विरोधातल्या, एकमेकींवर रंगवलेल्या. आत मात्र शांतता होती.

विभागप्रमुख डॉ. बन्सीधर सेलूकर यांनी पाहुण्यांना सौजन्यानं बसवलं. पन्नाशीचा, सडपातळ, शब्द जपून वापरणारा माणूस. नागनाथचं नाव निघताच त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तो गेल्याचं मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले.

"ही भुकटी आहे तरी काय?"

या प्रश्नावर त्यांचा आवाज मोकळा झाला. "ज्वारीतला स्टार्च घ्यायचा. एका जिवाणूपासून मिळणारं विकर त्यात घातलं, की साखरेचे सात रेणू हातात हात धरून फेर धरतात. त्या कड्याच्या मधोमध पोकळी असते. दुसऱ्या पदार्थाचा रेणू त्या पोकळीत जाऊन बसतो. चिकटत नाही, जोडला जात नाही, नुसता राहतो. कड्याला आम्ही यजमान म्हणतो आणि आतल्याला पाहुणा."

"उपयोग?"

"कडू औषध आत बसलं की जिभेला कडू लागत नाही. उग्र वास दबतो. पाण्यात न विरघळणारी औषधं विरघळू लागतात. दोन वर्षांमागे असल्या रेणूंच्या कामाला नोबेल मिळालं. आम्ही ते इथल्या ज्वारीवर करतोय."

"आणि त्या दिवशी?"

"सकाळी लवकर येऊन मी कपाटाच्या मुठीला आणि आतल्या डब्याच्या झाकणाला फिनॉल्फथॅलीनची पूड लावली. पांढरी असते, दिसत नाही. सोड्याच्या पाण्यात गुलाबी होते. दुपारी डब्यातली भुकटी कमी झालेली दिसली. ताबडतोब तिघांना बोलावलं: नागनाथ, आमचे प्राध्यापक मुंजाजी बोबडे आणि भांडारातल्या कुसुमबाई. खोलीत येणारे तेवढेच."

"झडती घेतली?"

"हात रंगल्यावर झडतीची गरज कुणाला वाटली नाही."

तात्यारावांनी मान डोलावली. व्यंकटरावांनी डोलावली नाही.

मुंजाजी बोबडे तरुण होते, बोलके होते. "मला वाईटच वाटलं," ते म्हणाले. "पण डोळ्यांसमोर पाणी गुलाबी झालं. प्रत्येकाला वेगळं भांडं होतं. बीकर दोनच सापडली, म्हणून कुसुमबाईंनी भांडारातली लोणच्याची रिकामी बरणी आणली आणि तिच्यातच हात बुडवले. त्यांचं पाणी स्वच्छ, माझंही स्वच्छ."

"भुकटी दाखवता? चवीला कशी असते?"

"चव?" मुंजाजी हसले. "प्रयोगशाळेत आम्ही काहीच चाखत नाही, साहेब. पण गंमत दाखवतो." त्यांनी एका परीक्षानळीत गुलाबी पाणी घेतलं, त्यात पांढऱ्या भुकटीची चिमूट टाकून हलवलं. गुलाबी रंग फिकट होत होत निघून गेला. "रंग गेला की माल चांगला. होळीच्या सुमारास सरांच्याच लक्षात आलं हे. तेव्हापासून दर खेपेला—"

"मुंजाजी, ते राहू द्या," दारातून डॉ. सेलूकर म्हणाले. "मुलं वाट बघताहेत."

मुंजाजी गडबडीनं नळी ठेवून वर्गावर गेले.

*

भांडाराची खोली लांबट आणि थंड होती. कुसुमबाई चाळिशीच्या असाव्यात. त्यांनी दोघांना पाणी दिलं, स्वतः उभ्याच राहिल्या.

"नागनाथभाऊ कुणाच्या वस्तूला हात लावणाऱ्यातले नव्हते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मला घरी जाऊन भाकर गेली नाही."

"मग भुकटी कुणी नेली असेल?"

"मला काय माहीत."

"विकायला नेली असेल. कंपन्या पैसे देतात म्हणे," तात्याराव म्हणाले.

"ते गोडसर पीठ कोण विकत घेणार, जमादारसाहेब? सर म्हणतात मोठं काम आहे. मोठंच असेल." त्यांनी काचेच्या नळ्या उगाच पुन्हा मोजायला घेतल्या.

"घरी कोण कोण असतं?" व्यंकटरावांनी सहज विचारलं.

"मी आणि लेक. लेकीला क्षय झाला होता. आता बरी आहे. शाळेत जायलीय." हे सांगताना त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच विझला.

बाहेर व्हरांड्यासमोर ग्यानबा शिपाई झाडाखाली बसला होता. त्या दिवशी भांडी त्यानंच घासली होती.

"साहेब लोकं तावातावानं निघून गेले," तो आठवून सांगू लागला. "नागनाथ भिताडाला टेकून रडायला लागला व्हता. मी भांडी उचलली. चहाला आधण ठिवलं व्हतं, त्यातलंच कढत पानी वतलं भांड्यात. एक बीकर तर गुलाबी व्हतंच. दुसरं जसंच्या तसं राह्यलं. पन बरनीतलं पानी कढत पानी पडल्याबरुबर गुलाबी झालं. म्या म्हनलं, नागनाथच्या पान्याचा हात लागला असंल माझा. सांगायचं काय त्यात."

व्यंकटरावांनी ग्यानबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"तात्या," ते म्हणाले, "उद्या बायनाबाईंना घेऊन या."

*

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या लांब टेबलाभोवती सगळे जमले. बायनाबाई यावेळी स्टुलावर बसली होती. डॉ. सेलूकर तिच्याकडे पाहत नव्हते.

व्यंकटरावांनी मुंजाजींकडून एक काचेचं भांडं मागून घेतलं. सोड्याचं पाणी, त्यात कणभर फिनॉल्फथॅलीन. पाणी गुलाबी झालं. मग पांढरी भुकटी टाकून त्यांनी ढवळलं. रंग गेला.

"हे काल मुंजाजींनी मला दाखवलं," ते म्हणाले. "रंग नाहीसा झाला असं दिसतं. पण डॉक्टरसाहेबांनी सांगितलं होतं, पाहुणा आत जाऊन बसतो. म्हणजे रंग गेला नाही, कड्यात लपला. आता समजा, एका माणसानं डब्याचं झाकण उघडलं, पूड बोटांना लागली. मग त्याच बोटांनी भुकटी काढली. बोटांना दोन्ही लागलं. सोड्याच्या पाण्यात हात बुडवल्यावर काय होईल?"

"पाणी स्वच्छ राहील," मुंजाजी पुटपुटले.

"स्वच्छ राहील. आणि ज्यानं फक्त मूठ पुसली, भुकटीला बोटही लावलं नाही, त्याचं पाणी?"

व्यंकटराव बायनाबाईकडे वळले.

"बाई, तुम्ही विचारलं होतं, हात गुलाबी का झाले. त्यांनी भुकटी घेतली असती तर हात गुलाबी झालेच नसते. तो गुलाबी रंग ते निर्दोष असल्याची साक्ष होता. इथल्या शिकलेल्या लोकांनी ती उलटी वाचली."

बायनाबाईनं स्टुलावरून वाकून भांड्यातलं स्वच्छ पाणी नीट पाहिलं.

"पण मुंजाजींचं पाणी बी स्वच्छच होतं की," तात्यारावांनी विचारलं. "मग चोर कोण ते कसं ठरवायचं?"

व्यंकटरावांनी भांडं स्टोव्हवर ठेवलं. पाणी तापू लागलं तशी तळाशी फिकट छटा दिसली, मग सगळं पाणी गुलाबी झालं.

"उष्णतेनं पाहुणा बाहेर पडतो. त्या दिवशी ग्यानबानं तिन्ही भांड्यांत कढत पाणी ओतलं. मुंजाजींचं बीकर जसंच्या तसं राहिलं, कारण त्यांनी कशालाच हात लावला नव्हता. बरणीतलं पाणी मात्र गुलाबी झालं. बरणीत हात कुणी बुडवले होते, ते मुंजाजींनी सांगितलंच आहे. आणि एक. इथं कुणी काही चाखत नाही. तरी ही भुकटी गोडसर लागते, हे एकाच व्यक्तीला ठाऊक आहे."

कुसुमबाईंनी टेबलाची कड धरली. त्या रडल्या नाहीत.

"लेक गोळ्या ओकून टाकायची," त्या म्हणाल्या. "कुटून दिल्या, गुळात दिल्या. वाळून काडी झाली होती. सरांना मागितली मी भुकटी. म्हणाले, माणसाला द्यायची परवानगी नाही. मग मूठ-मूठ घेत गेले, गोळ्या त्यात घोटून दिल्या. तिच्या पोटात औषध राहायला लागलं." त्या थांबल्या. "त्या दिवशी पाणी रंगलं नाही. मला वाटलं देवानं झाकलं. नागनाथभाऊंचं रंगलं तेव्हा बोलायला पाहिजे होतं. नोकरी गेली असती तर लेकीचं औषध बंद झालं असतं. मी रोज मनाशी म्हणायची, उद्या सांगते."

तात्यारावांनी पुढं होऊन स्टोव्ह बंद केला.

"एवढंच असतं तर मी माझं बोलणं इथंच थांबवलं असतं," व्यंकटराव म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता. "कुसुमबाईंना रंग का लपला हे कधी कळलंच नाही. ज्यांना कळलं, ते बोलले नाहीत. डॉक्टरसाहेब, ही चाचणी तुम्हाला होळीला सापडली. ज्या दिवशी पहिल्यांदा गुलाबी पाणी तुमच्या भुकटीनं स्वच्छ झालं, त्या दिवशी तुम्हाला नागनाथ आठवला नाही?"

डॉ. सेलूकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "त्याच क्षणी आठवला."

"मग?"

"बरणीचं मला माहीत नव्हतं. कुणी नेली हे कळलं नाही. पण नागनाथनं नेली नाही, हे कळलं. संस्थेकडे त्याच्याविरुद्ध सही मीच केली होती. स्वतःच्याच विषयात माझी अशी चूक झाली, हे कुणाला कसं सांगायचं? वाटलं, सुट्टी लागली की चारठाण्याला जाऊन येईन. सुट्टी संपली. मग वाटलं, दिवाळीत."

"होळी ते आखाड," व्यंकटराव म्हणाले.

सेलूकर बायनाबाईसमोर येऊन उभे राहिले. "मी संस्थेला लिहून देतो. नागनाथ निर्दोष होता असं पत्र—"

"कागुद नको मला," बायनाबाई म्हणाली. "मला वाचता बी येत न्हाई. गावात येऊन सांगा. जिथं त्येंला चोर म्हनले, तिथं."

*

बाजाराच्या दिवशी व्यंकटराव, तात्याराव आणि सेलूकर जिंतूरमार्गे चारठाण्याला उतरले. कुसुमबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या तिथल्या स्टँडवर आधीच येऊन उभ्या होत्या. त्यांनी कामाचा राजीनामा दिला होता. सेलूकरांनी तो अजून पुढं पाठवला नव्हता.

पारावर दहा-वीस माणसं जमली. डॉ. सेलूकर उभे राहून बोलले. रसायनाचं काहीच सांगितलं नाही. नागनाथनं चोरी केली नव्हती, आपली परीक्षा चुकीची होती, हे आपल्याला होळीलाच कळलं होतं आणि आपण गप्प बसलो, एवढंच. कुसुमबाईंनी मान खाली घालून स्वतःचं सांगितलं.

माणसं चुळबुळली. नागनाथला चोर म्हणणारे त्यांच्यातच होते. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

नागनाथचा बाप मल्हारी पाराच्या कडेला काठी धरून बसला होता. त्यानं विचारलं, "व्हळीलाच कळलं व्हतं?"

"हो."

"तवा तो ह्या समोरच्या माळावर मेंढरं चारायचा," म्हातारा म्हणाला. "इथून नुसता आवाज दिला असता, तरी त्येला ऐकू गेला असता."

सेलूकर पारावरून खाली उतरले. पार हळूहळू रिकामा झाला. तात्यारावांनी घड्याळ पाहिलं. परतीची एसटी गेली होती.

बायनाबाई आपल्या घराच्या दारात उभी होती. "सांजच्याला दुसरी हाय," ती म्हणाली. "तवर बसा. भाकरी खाऊन जावा."

पुरुष माणसं ओट्यावर टेकली. कुसुमबाई थोडा वेळ बाहेर घुटमळल्या, मग आत गेल्या आणि परातीशेजारी खाली बसून पीठ मळायला हात पुढं केला.

बायनाबाईनं हो म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. ती थोडी सरकली आणि चुलीजवळ जागा केली.