मेडवाक्कमच्या पुलावरचा घाट

चेन्नईत घाट नाही. डोंगर म्हणावा असं काही बघायचं तर अर्धा दिवस गाडीत बसावं लागतं. मग इथले सायकलवाले काय करतात, तर पुलांवर चढतात. रविवारी पहाटे मेडवाक्कमच्या लांबलचक उड्डाणपुलावर गेलात, तर घट्ट कपड्यांतली पाच-सहा माणसं पूल चढताना, उतरताना आणि पुन्हा चढताना दिसतील. दूधवाल्यांना आता त्याचं काही वाटेनासं झालंय.

कीर्ती त्या पुलावर पहिल्यांदा आली ती तोऱ्यात. ती वाईची, पसरणी घाटाच्या पायथ्याशी लहानाची मोठी झालेली. सिरुसेरीतल्या कंपनीत नोकरीला लागून दोन वर्षं झाली, तरी या सपाट शहराकडे ती जरा वरूनच बघायची. ऑफिसातल्या वेंकटने सायकलींचा गट काढला तेव्हा त्याने तिला मोठ्या आदराने सांगितलं होतं, की तुम्ही डोंगरातली माणसं, चढ कसा चढायचा ते तुमचं बघून आम्ही शिकू. आता, पसरणी घाट कीर्तीने आजवर फक्त एसटीने चढला होता, आणि तोही खिडकीशी बसून, लिंबू हुंगत. पण हे वेंकटला सांगायची काही गरज तिला वाटली नाही.

तर मार्गळी या तमिळ महिन्यातली, ऐन डिसेंबरातली ती पहाट. दारोदारी ओल्या अंगणात काढलेल्या कोलमच्या रांगोळ्या, देवळातून येणारी गाणी, आणि चेन्नईत वर्षातून जेमतेम महिनाभर मिळणारा गारवा. कीर्तीने सगळ्यांत जड गिअर टाकला आणि सीटवरून उठून पुलाला भिडली. निम्म्यावर गुडघे कुरकुरायला लागले. आणखी थोडं वर गेल्यावर डोळ्यांपुढे काजवे. आणि नेमका तेव्हाच शेजारून एक जण पुढे गेला — बसल्या बसल्या, पाय भिरभिरत, कपाळावर एक आठी नाही. जाता जाता त्याने तमिळमध्ये काहीतरी सुचवलंसुद्धा. गिअर उतरवा, अशा अर्थाचं.

"आला मोठा शहाणा," कीर्ती पुटपुटली. मराठी इथे कुणाला कळतंय...

तो थांबला. वळून म्हणाला, "शहाणा नव्हे हो. मालोजी म्हणतात मला. गिअर तेवढा उतरवावा. गुडघे जातील तुमचे."

कीर्तीने ब्रेक दाबला आणि तिला हसू फुटलं. हेल्मेट आणि काळा चष्मा घातलेला हा उंचापुरा माणूस, नाव मालोजी, बोलणं बखरीतलं आणि हेल तमिळ. ती हँडलवर डोकं टेकवून हसली. तोही हसला, जरा उशिराने.

त्याचं घराणं तंजावरचं. भोसल्यांबरोबर पूर्वज दक्षिणेत आले ते इथलेच झाले. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि वेलाचेरीला आईबरोबर राहायचा. आई कनकाबाई घरी गाणं शिकवायच्या. हे सगळं कीर्तीला पुलाखालच्या टपरीवर, त्याच दिवशी, दोन कॉफीमध्ये कळलं. खरं तर एका कॉफीतही कळलं असतं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्यालाही.

मालोजीची शिकवण्याची रीत त्याच्या घरातून आली होती. सायकलवाले पायांच्या वेगाला कॅडेन्स म्हणतात आणि तो मोजायला हँडलवर यंत्र लावतात. मालोजीकडे यंत्र नव्हतं. तो ताल म्हणायचा. तकदिमि, तकजनु... प्रत्येक अक्षराला एक पाय खाली. चढ आला, पाय जड झाले, की लय सोडायची नाही, गिअर उतरवायचा. लय मोडली की श्वास मोडतो आणि श्वास मोडला की माणूस मोडतो, असं तो म्हणायचा. कीर्ती आधी लाजली. मग आपली जणू गाण्याचीच शिकवणी आहे अशा थाटात तकदिमि म्हणत पूल चढू लागली, आणि एका सकाळी तिच्या लक्षात आलं की आपण वर पोचलो आणि गुडघे गप्प आहेत.

स्प्रिंट मात्र समुद्राकडच्या रस्त्यावर चालायची. कोवळमच्या अलीकडे एक सरळ पट्टा आहे, तिथे गटातले सगळे शेवटच्या पाटीपर्यंत जीव खाऊन पळवायचे. कोपर वाकवा, हात हँडलच्या खालच्या वळणावर ठेवा, नजर शेजाऱ्यावर नाही तर पाटीवर, आणि पाटी पुरती जवळ येईतो उठू नका — मालोजी सगळं बिनचूक सांगायचा आणि स्वतः दर वेळी हरायचा. पाटी जवळ आली की कुणीतरी शेजारून वाट मागायचं आणि हा देऊन टाकायचा. वेंकट म्हणायचा की हा स्प्रिंटमध्येसुद्धा रांग लावतो.

कीर्तीला ते आवडायचं आणि त्याचाच रागही यायचा. कारण एव्हाना तिचं काय झालं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. परतताना समुद्राचा वारा तोंडावर यायचा, तेव्हा मालोजी पुढे राहून तो अंगावर घ्यायचा आणि ती त्याच्या मागे, त्याच्या सावलीत चालवायची. समोर फक्त त्याची पाठ. घामाने भिजलेली, निळ्या जर्सीतली, अगदी साधी पाठ. पण त्या पाठीमागे तिला जितकं सुखात वाटायचं तितकं या शहरात कुठेच वाटत नव्हतं. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस तिला उगीचच ठेवल्यासारखे वाटू लागले.

आणि मग ऑफिसातून विचारणा आली. पुण्याच्या शाखेत जागा आहे, जाणार का? महिनाभराने, गटाने ठरवलेल्या येलगिरी डोंगराच्या सहलीनंतरच्या सोमवारी उत्तर हवं होतं. आईबाबांनी तर फोनवरच पेढे वाटले.

कीर्तीने ही बातमी मालोजीला मुट्टुकाडूच्या पुलावर सांगितली, रिमझिम पावसात, अगदी सहज सांगितल्यासारखी. श्वास रोखून. आता तो काहीतरी म्हणेल... म्हणेलच.

मालोजीने चष्म्यावरचे थेंब पुसले. मग म्हणाला, "पुण्याकडे घाट पुष्कळ. मग तुम्हांस चढ नीट यायला हवा."

आणि दुसऱ्या रविवारपासून त्याने तिला दुप्पट राबवायला सुरुवात केली. पूल संपला की परंगीमलैची टेकडी. टेकडी संपली की पुन्हा पूल. तीव्र वळणावर बाहेरून जा, आतली कड खडी असते. उठून चालवायचं तर आधी एक गिअर जड करा. कीर्ती दात ओठ खाऊन सगळं करत होती. ज्याने जाऊ नको म्हणावं, तो तिची जायची तयारी करून घेत होता. बरं, भांडावं तरी कशावरून? माणूस गिअर शिकवतोय.

एकदा तो तिला घरी घेऊन गेला, आईच्या हातची कॉफी प्यायला. तो सायकली पुसायला बाहेर गेल्यावर कनकाबाईंनी आवाज उतरवून सांगितलं, "पोरगा हल्लीं रात्रीं मराठी बातम्या ऐकतो बघ. त्या बाईंच्या मागून एकेक शब्द म्हणतो. मीं विचारलें, कां रे? तर म्हणे, ती हसली होती."

कीर्तीला कॉफी कडू लागली. ती हसली होती खरी, पण ती कशाने हसली होती हे त्या खुळ्याला कुणी सांगायचं? परमुलखात, धाप लागलेली असताना, अचानक कुणीतरी आपलं निघावं, या आनंदाचं ते हसू होतं. ती बाहेर येऊन सांगणार होती. पण त्याने फडकं उंचावून विचारलं, की पुण्यात सायकल पुसायला कुठलं तेल मिळतं, आणि तिचं तोंडच मिटलं.

येलगिरीचा घाट चौदा वळणांचा. शनिवारी वेंकटच्या व्हॅनच्या टपावर सायकली बांधून सगळे पायथ्याला पोचले. सोमवार परवावर आला होता. चढावर वाऱ्याचा आडोसा लागत नाही, सगळेच हळू जातात, त्यामुळे दोघांना शेजारी शेजारी चालवता येतं. कीर्तीने सगळी मदार त्यावरच ठेवली होती. चौदा वळणं शेजारी असेल... एखाद्या वळणावर तरी बोलेल.

वेंकटने हात खाली केला आणि मालोजी पहिल्याच फर्लांगात सीटवरून उठला. उठला तो सुटलाच. कोपर वाकलेले, नजर वर, पाटी समोर असावी अशी स्प्रिंट, आणि पाटी तर डोंगरमाथ्यावर. गटातली हरिप्रिया थक्क होऊन म्हणाली की याला आज काय चावलंय. पहिल्या वळणाआड निळी जर्सी दिसेनाशी झाली.

कीर्तीला रडू आलं. शेवटच्या दिवशीसुद्धा नाही? मग रडण्याचा राग झाला आणि रागाला तिने ताल लावला. तकदिमि तकजनु, तकदिमि तकजनु. वळणामागून वळण खाली जात राहिलं. श्वास शाबूत, लय शाबूत, एकेक करून तिने सगळ्यांना मागे टाकलं, अगदी वेंकटलाही. इतकं सुरेख ती कधीच चढली नव्हती आणि बघायला तो नव्हता.

माथ्याच्या थोडं खाली, कठड्यावर, तो होता. सायकल आडवी, हेल्मेट मांडीवर, चेहरा बिटासारखा लाल. एक वानर जवळ बसून त्याच्या खिशातल्या केळ्याकडे बघत होतं आणि त्याला हाकलायचंही त्राण मालोजीत नव्हतं.

कीर्तीने सायकल टाकली. "काय झालं? चक्कर आली?"

त्याने मान हलवली. बोट वर केलं, थांब म्हणून. तिने पाणी दिलं ते त्याने अर्धं प्यायलं, अर्धं सांडलं.

"वर... आधी पोचायचं होतं," तो म्हणाला. "तुम्ही येईतो दम खाऊन... तोंड पुसून... नीट बोलायचं होतं. चढतां चढतां मला बोलवत नाहीं."

"काय बोलायचं होतं?"

"पाठ केलं होतं. तुमच्या मराठींत." तो कासावीस झाला. "अय्यो... एक शब्द आठवत नाहीं आतां."

कीर्ती त्याच्या शेजारी कठड्यावर बसली. "तुमच्या मराठीत बोला," ती म्हणाली. "मला तेच आवडतं. पहिल्या दिवसापासून. मी आनंदाने हसले होते, मालोजी."

त्याने मांडीवरचं हेल्मेट बाजूला ठेवलं.

"जाऊं नका," तो म्हणाला. "म्हणजे, जायचंच तर जावें, मीं अडविणारा कोण. पण मला तुम्ही हव्यांत, कीर्ती. रविवारीं तेवढ्या नव्हे. रोज."

खाली कुठेतरी गटाचे आवाज येत होते. कीर्तीला एकदम इतकं हलकं वाटलं की ती भांडायलाच उठली. महिनाभर मी वाट बघतेय, आणि तुम्ही मला आतली कड आणि बाहेरची कड शिकवताय? जर्सीची पाठ बघून बघून माझे डोळे गेले. पुण्याचं तेल विचारता? तो मान खाली घालून म्हणाला, की तुम्ही गेलांच असतां तर निदान गुडघे नीट राहावेत म्हणून... आणि तिचा राग ओसरला. तिने फक्त त्याच्या कपाळावरचा घाम आपल्या हातमोज्याने पुसला. तेवढ्यात वानराने केळं नेलं.

त्याला चालवणं आता शक्यच नव्हतं. म्हणून दोघं सायकली हातात धरून पायी निघाली. हरिप्रिया आणि वेंकट त्यांना ओलांडून गेले, एकमेकांकडे बघत, काही न विचारता. कीर्ती बडबडत होती, उगाच हसत होती. मालोजी मात्र गप्प. मधूनच तिच्याकडे बघायचा, काही विचारावं असं तोंड करायचा आणि पुढे चालायचा.

मग त्याचा फोन वाजला. कनकाबाई होत्या. त्याने आधी कीर्तीची सायकलही आपल्या दुसऱ्या हातात घेतली आणि फोन उचलायला हात उरला नाही म्हणून तिलाच उचलायला सांगितला.

"चढला कां गं पोरगा?" तिचा आवाज ओळखून त्यांनी विचारलं.

"नाही अजून. चालतोय."

मग कनकाबाईंनी हळूच विचारलं, "विचारलें कां त्यानें?"

"विचारलं."

"मग तूं काय सांगितलेंस?"

कीर्ती जागच्या जागी उभी राहिली. काय सांगितलं होतं? ती भांडली होती, घाम पुसला होता, फर्लांगभर बडबड केली होती. उत्तर तिने दिलंच नव्हतं. तिने मान वळवली. मालोजी दोन सायकलींच्या मध्ये श्वास धरून उभा होता, आणि तो इतका वेळ गप्प का होता ते तिला आत्ता कळलं.

"हो म्हणाले, आई," कीर्ती त्याच्याकडे बघत फोनमध्ये म्हणाली. "मी राहतेय."

मालोजीच्या हातातली एक सायकल धाडकन रस्त्यावर पडली. ती तिची होती, नवीकोरी, पण तिला त्याचं काहीच वाटलं नाही.